बीडची छागल व जुन्या बाटल्या

छागल : प्रवासात पिण्याचे पाणी बरोबर नेण्यासाठी वापरण्यात येणारी चामड्याची पिशवीवजा बाटली. ‘छाग’ म्हणजे बोकड, या संस्कृत शब्दाशी तिचे नाव निगडित असून शेळी-बोकडाच्या कातड्याचे पात्र असा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे जाड कापडाच्या पाण्याच्या पिशवीसही हेच नाव मिळाले. मराठवाड्यातील बीड हे गाव हैदराबाद संस्थानात छागलींसाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटिअरांत बीडच्या चर्मोद्योगाचा निर्देश करताना पाण्याच्या छागलींचा खास उल्लेख येतो. त्याच सुमारास सोडावॉटर, औषधे, शाई व मद्य यांच्या काचेच्या बाटल्याही या भागात येऊ लागल्या होत्या. या दोन्ही प्रकारची जुनी पात्रे जमविणे व त्यांच्या कर्त्यांचा माग काढणे, हे स्थानिक उद्योगांच्या इतिहासाचे एक उपयुक्त साधन आहे. मात्र दोहोंच्या बाबतीत संशोधकाच्या हाती येणारा पुरावा सारखा नाही. काचेच्या बाटलीवर बहुधा कोणाचे तरी नाव, निदान एखादी खूण असते. छागल तयार करणाऱ्याचे नाव मात्र ना छागलीवर आढळते, ना तिची प्रशंसा करणाऱ्या गॅझेटिअरांत.

पूर्वपीठिका : द्रव पदार्थ साठविण्याच्या व वाहून नेण्याच्या पात्रांना मराठीत अनेक नावे आहेत. कुपी व शिशी ही लहान, बहुधा काचेची. सुरई व खुजा ही मातीची. झारी व गडू धातूचे. तर पखाल, मोट, बुधला व छागल ही चामड्याची होत. यांपैकी पखाल बैलाच्या किंवा हेल्याच्या पाठीवरून वाहिली जाई, मोट विहिरीवर चाले, बुधल्यातून तेल व तूप यांची ने-आण होई आणि छागल एकट्या प्रवाशाच्या खांद्यावर किंवा गाडीच्या साटीला लटकत असे. द्रव पदार्थांच्या दूरच्या व्यापाराशी या प्रदेशाचा संबंध प्राचीन आहे. पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तगर (तेर) या दख्खनच्या व्यापारी नगरांचा निर्देश असून तेथून भडोचकडे माल जात असे. आजचा बीड जिल्हा या दोन नगरांमधील प्रदेशात येतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४–५६ मध्ये झालेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकडील दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे सापडली. पक्क्या भाजलेल्या मातीचे तुकडे दोन हजार वर्षे जमिनीत टिकतात, काचही टिकते. चामडे मात्र दख्खनच्या मातीत कुजून जाते. त्यामुळे चामड्याच्या पात्रांचा प्राचीन इतिहास उत्खननांतून क्वचितच हाती लागतो.

छागलीची घडण : कातडे कमाविण्याची दख्खनमधील परंपरागत पद्धत वनस्पतिज द्रव्यांवर आधारलेली होती. कातडे प्रथम चुन्याच्या निवळीत भिजवून त्यावरील केस सैल करीत व खरवडून काढीत. नंतर ते धुऊन बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा यांच्या काढ्यात मुरवीत. यांतील टॅनिन या द्रव्यामुळे कातडे कुजत नाही व लवचिक राहते. बाभूळ व तरवड या दोन्ही वनस्पती मराठवाड्याच्या माळरानांवर विपुल वाढतात. कातडी कमाविण्याचे काम प्रामुख्याने ढोर समाजाकडे व शिवणकाम चर्मकारांकडे असे. ढोरांच्या पद्धतीत मोठे कातडे पिशवीसारखे शिवून टांगीत व त्यातच सालीचा काढा भरून ठेवीत. काढा हळूहळू पाझरे, तो पुन्हा आत ओतला जाई. पाणी धरणाऱ्या चामडी पात्राची कल्पना अशा रीतीने कमाविण्याच्या क्रियेतच अंतर्भूत होती.

छागलीसाठी मऊ, बारीक रंध्रांचे कातडे लागे. शिवण घट्ट व पाझरास अटकाव करणारी असावी लागे. तोंड अरुंद ठेवून त्याला बूच बसवीत व खांद्यास अडकविण्यासाठी पट्टा लावीत. उत्तम छागलीचे गमक म्हणजे तिच्यातून पाणी गळता कामा नये, परंतु तिचा पृष्ठभाग किंचित ओलसर राहिला पाहिजे. रंध्रांतून बाहेर आलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होताना प्रत्येक ग्रॅमला सु. ५८० कॅलरी उष्णता लागते व ती मुख्यतः आतील पाण्यातून घेतली जाते. त्यामुळे उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात छागल जितकी हलती राहील तितके पाणी गार होते. मातीच्या माठाचे तत्त्वही हेच आहे. पण माठ प्रवासात फुटतो, छागल फुटत नाही.

बीड व छागल : बीड हे बिंदुसरा नदीकाठी वसलेले आहे. जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व पठारांनी व्यापलेला असून पर्जन्यमान अनिश्चित आहे. १८७६–७८ चा व १८९९–१९०० चा असे दोन मोठे दुष्काळ या भागाने अनुभवले; १९७२ चा दुष्काळ त्यानंतरचा. गावाबाहेर खजाना विहीर या नावाने ओळखली जाणारी निजामशाहीच्या काळातील विहीर व तिच्यापासून काढलेले पाण्याचे मार्ग या प्रदेशातील पाण्याचे मोल दाखवितात. अशा मुलखात दोन मुक्कामांमधील वाटेवर पाणी मिळेलच, अशी खात्री नसे. लोहमार्गही गावापासून दूर होते. बार्शीची अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली व १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. गोदावरी खोऱ्यातून मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. यांपैकी कोणतीही बीड गावातून जात नव्हती. तेथे रेल्वे पोहोचण्यास २०२५ साल उजाडावे लागले. घोड्यावरून, बैलगाडीने वा पायी होणाऱ्या प्रवासाची गरज बीडमध्ये म्हणूनच दीर्घकाळ टिकली. छागलीबरोबरच बीडच्या गुप्तीही, म्हणजे काठीत दडविलेल्या तलवारीही, नावाजलेल्या होत्या. दोन्ही वस्तू वाटसरूच्याच होत.

जिल्ह्यातील मोमिनाबाद (आताचे अंबाजोगाई) येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात सामावून घेण्यात आली. घोडेस्वार, टपालवाले, गाडीवान, फिरते व्यापारी व दौऱ्यावरील अधिकारी हे छागलीचे स्वाभाविक ग्राहक होत. सोवळे पाळणाऱ्या घरांत तिला सहसा स्थान नव्हते. चामड्याच्या बुधल्यातील तेल-तूप अशा घरांत विनातक्रार येई, मोटेच्या पाण्यावर पिकलेला भाजीपालाही येई; परंतु चामड्याच्या पिशवीतील पाणी पिणे निषिद्ध मानले जाई. वस्तू एकाच सामाजिक थरातील कारागिरांच्या हातची असूनही सोय व व्यापार यांच्यापुढे विटाळाची कल्पना कोठे नमती घेई व कोठे ताठर राही, याचे हे एक उदाहरण होय.

काचेच्या बाटल्या : एकोणिसाव्या शतकात काचेच्या बाटल्या मुख्यतः मुंबई बंदरातून देशात पसरल्या. रिकाम्या बाटलीलाही तेथे मोल होते. जुन्या बाटल्यांच्या व्यापारातून ‘बाटलीवाला’ हे पारशी आडनाव रूढ झाले. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनी आपल्या उमेदीच्या काळात आप्त फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्यासमवेत हाच व्यापार केला होता.

सोडावॉटरच्या बाटल्यांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या दाबाने बूच उडू नये म्हणून प्रथम तळ नसलेली, आडवी ठेवावी लागणारी अंडाकृती बाटली प्रचारात आली. बाटली आडवी राहिल्याने बूच ओले राहून फुगलेले राही. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० नंतरच्या काही वर्षांत गळ्यात काचेची गोटी असलेली बाटली तयार केली. ही बाटली उलटी धरून भरतात; सुलटी करताच वायूचा दाब गोटीला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर घट्ट बसवितो. महाराष्ट्रात ‘गोटी सोडा’ म्हणून ती घरोघर परिचित झाली. भारतातील अनेक सोडा कारखानदार आपले नाव काचेत उठविलेल्या बाटल्या इंग्लंडमधून, विशेषतः यॉर्कशरमधील काच कारखान्यांतून, करवून घेत. पुण्यातील अर्देशीर (१८८४) व मुंबईतील ड्यूक (१८८९) ही महाराष्ट्रातील सोडा व्यवसायातील जुनी नावे होत. यावरून एक महत्त्वाची सावधगिरी निष्पन्न होते : बाटलीच्या अंगावरील नाव बहुधा ती भरणाऱ्याचे असते; ती घडविणाऱ्याची खूण असल्यास बुडाशी किंवा बुडालगत शोधावी लागते.

औषधी बाटल्यांचे प्रकार अधिक आहेत. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना (१८७२), मुंबईचा झंडू (१९१०) व साताऱ्याची आयुर्वेदीय अर्कशाळा (१९२६) यांची औषधे तसेच डोंगरे बालामृतासारखी बालौषधे महाराष्ट्रभर खपत असत. विषारी औषधांसाठी निळ्या वा हिरव्या काचेच्या, कंगोरे असलेल्या बाटल्या वापरीत. अंधारातही नुसत्या स्पर्शाने धोका कळावा, हा त्यामागील हेतू होता. दवाखान्यात मात्र रुग्णाने आपलीच बाटली नेण्याचा प्रघात होता. कंपाउंडर तीत मिश्रण भरून मात्रा दाखविणारी, खाचा पाडलेली कागदी पट्टी बाहेरून चिकटवीत असे.

देशी काच कारखाने : स्वदेशी चळवळीने बाटलीच्या इतिहासाला वेगळे वळण दिले. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून व लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करणारा ‘पैसा फंड’ उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव (जि. पुणे) येथे काच कारखाना निघाला. जपानमध्ये शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे आरंभीचे तज्ञ होत. कारखान्याबरोबरच प्रशिक्षणाचे केंद्र म्हणूनही तळेगावचे महत्त्व आहे. तेथे तयार झालेले कारागीर पुढे देशातील अनेक काच कारखान्यांत गेले. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत, कराडजवळ, काच कारखाना काढला व त्याभोवती ओगलेवाडी वसली. या कारखान्याचा प्रभाकर कंदील सर्वांत प्रसिद्ध असला, तरी काचेच्या इतर वस्तूही तेथे होत. या कारखान्यांच्या संस्थापकांची चरित्रे, अहवाल व जाहिराती उपलब्ध असल्याने त्यांचा इतिहास लिहिता येतो. भट्टीसमोर फुंकनळी धरून बाटली फुंकणाऱ्या कामगाराचे नाव मात्र तेथेही सहसा मिळत नाही.

कालनिश्चिती : काचेच्या बाटलीचा काळ तिच्या घडणीवरून अदमासाने ठरविता येतो. बुडाशी फुंककामाच्या वेळी धरलेल्या दांड्याचा खरबरीत व्रण असणे, काचेत बुडबुडे असणे, जाडी असमान असणे ही हातकामाची लक्षणे होत. साच्याचा सांधा मानेपाशी थांबत असेल, तर ओठ वेगळा घडविलेला असतो. सांधा ओठावरूनही जात असेल, तर बाटली यंत्रावर केलेली समजावी. मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित बाटलीयंत्राचा काळ १९०३ नंतरचा आहे. परंतु भारतात हातकाम पुढेही बराच काळ चालू राहिल्याने केवळ या लक्षणावरून बाटली त्यापूर्वीची ठरत नाही. पत्र्याच्या दातेरी झाकणाचा शोध विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये लावला. वाळूतील लोहामुळे येणारी हिरवी छटा घालविण्यासाठी मँगॅनीज घातलेली काच दीर्घकाळ उन्हात राहिल्यास जांभळट होते.

बाटलीवरील कागदी चिठ्ठी टिकली असेल, तर कालनिर्णय अधिक सुलभ होतो. किंमत ‘नये पैसे’ या शब्दांत असल्यास ती १९५७ ते १९६४ या काळातील होय. माप औंसांऐवजी मिलिलिटरमध्ये असल्यास बाटली दशमान पद्धतीच्या प्रसारानंतरची, म्हणजे साधारणतः १९६० च्या आसपासची किंवा नंतरची असते. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची ठरते. बीड जिल्ह्यापुरते आणखी एक साधन आहे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील हाली चलन, जकात व राज्यकारभाराची उर्दू भाषा वेगळी होती. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. किमतीचे चलन, चिठ्ठीची लिपी व ‘मोमिनाबाद’ सारखे गावाचे जुने नाव यांवरून बाटली कोणत्या बाजारासाठी होती, याचा अंदाज बांधता येतो.

दुर्मिळतेची कारणे : इंग्लंड व अमेरिका येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या उकिरड्यांतून बाटल्या खणून काढण्याचा छंद लोकप्रिय झाला. तेथे रिकामी बाटली टाकून दिली जात असल्यामुळे ती जमिनीत सापडते. महाराष्ट्राच्या खेड्यांत स्थिती निराळी होती. रिकामी बाटली घरात तेल, रॉकेल वा काढा ठेवण्यासाठी वापरली जाई. लहान शिशीच्या झाकणाला भोक पाडून व वात घालून तिची चिमणी करीत. सोड्याची बाटली कारखान्याकडे परत जाई. अखेर फुटलेली काचही भंगारवाल्यामार्फत भट्टीत पोहोचे व नव्या काचेत मिसळे. त्यामुळे येथे जुन्या बाटल्या उकिरड्यापेक्षा माळे, बंद पडलेली दुकाने, वैद्यांची कपाटे व भंगारबाजार यांत मिळण्याचा संभव अधिक असतो. छागलीच्या बाबतीत हेही नाही. वापर थांबताच चामडे सुकते, तडकते, त्याला कसर लागते व ते फेकले जाते.

छागलीच्या व्यवसायाच्या ऱ्हासाची कारणे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. कच्ची कातडी निर्यातीच्या व्यापाराकडे वळली. जाड कापडाच्या पिशव्या, ॲल्युमिनियमच्या बाटल्या, थर्मास व शेवटी प्लॅस्टिक यांनी तिची जागा घेतली. मोटारवाहतुकीमुळे प्रवासाचा अवधी कमी झाला. यांखेरीज सामाजिक कारणही होते. कातडी कमाविण्याचे काम दुर्गंधीचे, कष्टाचे व अस्पृश्यतेचा शिक्का मारणारे होते. शिक्षण व अन्य रोजगार मिळताच पुढील पिढीने ते सोडले, यात आश्चर्य नाही. संग्राहकाला जी हानी वाटते, ती त्या कुटुंबांच्या दृष्टीने सुटकाही होती. या उद्योगाचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टींची नोंद होणे आवश्यक आहे.

संग्रह व कायदा : दैनंदिन वापरातील वस्तूंना संग्रहालयात स्थान मिळवून देण्याचे मोठे कार्य महाराष्ट्रात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी केले. अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा वस्तूंतून उभे राहिलेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे फलित होय. बीडच्या शेजारी धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरातून जमविलेल्या प्राचीन वस्तूंतून त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय निर्माण झाले. एका गावातील चिकाटीचा संग्राहक काय करू शकतो, याचा तो नमुना आहे.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षांपेक्षा कमी वयाची नसलेली कलाकुसरीची वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस तिची निर्यात करता येत नाही. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. संरक्षित स्मारकांच्या परिसरात खोदकाम करण्यास मनाई आहे. संग्राहकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद होय. बाटली कोठे, कोणाच्या घरी वा दुकानात मिळाली, तीत पूर्वी काय असे, ती कोणी आणली, ही माहिती वस्तूबरोबर ठेवली नाही, तर तिचे ऐतिहासिक मूल्य फारसे उरत नाही. चकचकीत करण्याच्या भरात चिठ्ठी धुऊन टाकल्यास कालनिर्णयाचा सर्वांत चांगला पुरावा नष्ट होतो.

कर्त्यांचा शोध : काचेच्या बाटलीचा कर्ता शोधण्याचे मार्ग पुष्कळसे निश्चित आहेत. बुडावरील खूण, कारखान्यांच्या मूल्यसूची, वृत्तपत्रे व पंचांगे यांतील जाहिराती, १९४० च्या कायद्यानंतरची व्यापारचिन्हांची नोंदणी यांच्या आधारे तो शोध घेता येतो. छागलीसाठी हे मार्ग बंद आहेत. तेथे कातडे, शिवण, धाग्याचा प्रकार व बूच यांचे वर्णन हाच वस्तूचा मजकूर मानावा लागतो. त्याच्या जोडीला निजामी राजवटीतील महसुली व बाजारविषयक कागदपत्रे, जनगणनेतील व्यवसायांच्या नोंदी आणि मुख्यतः ढोर व चर्मकार कुटुंबांतील वृद्धांच्या आठवणी यांचा उपयोग करावा लागतो. सालींची नावे, काढ्याचे दिवस, टाक्यांचे प्रकार, हत्यारांची नावे हे ज्ञान तोंडी परंपरेचे असल्याने ते सांगणाऱ्यांबरोबरच संपते. गॅझेटिअरांनी कीर्ती गावाच्या नावे नोंदविली. ज्या हातांनी ती मिळविली त्यांची नावे नोंदविली नाहीत. ही उणीव काही अंशी भरून काढणे अद्यापि शक्य आहे. त्यासाठी संग्रहालयात छागल ठेवताना तिच्या चिठ्ठीवर ‘बीड’ एवढेच न लिहिता, ती ज्या घराण्यात तयार झाली त्याचा शोध घेऊन व त्या घराण्याच्या संमतीने त्याचेही नाव लिहिले गेले पाहिजे.